पूर्व विदर्भातील पाम लागवड

पूर्व विदर्भातील पाम लागवड या विषयात चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत, विशेषतः चिमूर तालुका व त्याच्या भोवतालच्या वनप्रदेशात, ताल कुलातील स्थानिक व बाहेरून आणलेल्या वृक्षांची वाढ, निगा आणि उपयोग यांचा समावेश होतो. समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या या प्रदेशात हिवाळ्यातील रात्री थंड, तर उन्हाळा देशातील अतितीव्र उन्हाळ्यांपैकी एक असतो. शिंदी, ताड आणि भेरली माड हे पाम येथे पिढ्यानपिढ्या वाढत आले आहेत. नारळ, खजूर, रॉयल पाम, अरेका पाम यांसारखे पाम मात्र घराच्या अंगणात, शासकीय आवारांत आणि अलीकडे शेतातही बाहेरून आणून लावले जातात. त्यांना येथे मिळणारे यश फार असमान आहे.

हवामान

चिमूर हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असून त्याच्या दक्षिणेस व नैर्ऋत्येस ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल पसरले आहे. (ताडोबा या नावाचा ताड या वृक्षाशी संबंध नाही, ते तारू या लोकदैवताच्या नावावरून आले, असे परंपरा सांगते.) तालुक्यातून उमा नदी वाहते. पूर्वेकडे धानाच्या बांध्या व लहान-मोठे तलाव, तर पश्चिमेकडे कापूस व सोयाबीनची काळी जमीन, असा हा संक्रमणाचा पट्टा आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचा मोठा भाग वनाच्छादित असून तेथे पाऊस चिमूरपेक्षा अधिक पडतो.

डिसेंबर व जानेवारीत चंद्रपूरचे सरासरी किमान तापमान १२ ते १३ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. थंडीच्या लाटेत ते १० अंशांखाली उतरते. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी उतरलेले असले, म्हणजे भारतीय हवामान विभाग थंडीची लाट मानतो. जवळच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश सेल्सिअस इतके किमान तापमान नोंदवले गेले. त्याच नागपुरात मे २०१३ मध्ये कमाल तापमान ४७.९ अंशांवर गेले होते. एकाच शहराच्या या दोन नोंदींत ४४ अंशांहून अधिक अंतर आहे. येथे लावलेल्या प्रत्येक बहुवर्षायू झाडाला आयुष्यात केव्हा तरी या दोन्ही टोकांच्या जवळपास जावे लागते.

हिवाळ्यातील आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्याने दिवसा तापलेली जमीन रात्री वेगाने उष्णता सोडते. दुपारी २८ ते २९ अंश असलेले तापमान पहाटे १२ अंशांवर येणे ही नेहमीची गोष्ट आहे. थंड हवा जड असल्यामुळे ती उतारावरून सरकत नदीकाठच्या व नाल्याकाठच्या खोलगट भागांत साचते. म्हणून एकाच गावात नाल्यालगतचे शेत आणि टेकाडावरचे घर यांच्या पहाटेच्या तापमानात लक्षणीय फरक पडू शकतो. माजी मालगुजारी तलाव व बोड्या यांच्या काठावर मात्र पाण्यात साठलेल्या उष्णतेमुळे रात्रीची थंडी काहीशी सौम्य होते.

पामची रचना आणि थंडी

आंबा, चिंच किंवा साग यांच्या खोडाला सालीखाली वाढीचा एक थर असतो. त्यामुळे फांदी तुटली तर नवी फुटते आणि खोडावरची जखम भरून येते. पाम ही एकदल वनस्पती असून तिच्या खोडात असा थर नसतो. बहुतेक एकखोडी पामला वाढीचा एकच कोंब असतो व तो शेंड्यावर, पानांच्या देठांच्या आवरणात दडलेला असतो. तो मेला की झाड मेले. पाने करपली, खोडाला खाच पडली, तरी कोंब शाबूत असल्यास झाड जगते. पण पडलेली खाच आयुष्यभर तशीच राहते. रावणताडासारखे फांद्या फुटणारे पाम अपवादात्मक आहेत. खजूर, अरेका पाम इत्यादी जातींना बुडातून नवे फुटवे येत असल्याने एक खोड गेले तरी बेट टिकते.

थंडीमुळे होणाऱ्या इजेचे दोन प्रकार आहेत आणि पूर्व विदर्भाच्या संदर्भात त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. पहिला प्रकार गोठण्याचा. तापमान शून्याखाली गेल्यावर पेशींबाहेरील पाण्याचे स्फटिक होतात, पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते आणि ऊती मरतात. युरोप, जपान किंवा उत्तर अमेरिकेत पाम लावणाऱ्यांपुढे हाच मुख्य प्रश्न असतो. दुसरा प्रकार शून्याच्या बऱ्याच वर घडतो. उष्ण कटिबंधातील वनस्पतींची पेशीपटले १० ते १५ अंशांच्या खाली नीट काम करेनाशी होतात, मुळे पाणी व अन्नद्रव्ये कमी शोषतात आणि वाढ थांबते. बर्फाचा कण नसतानाही पाने पिवळी पडतात, टोके तपकिरी होतात, फुलोरा अडकतो. चिमूर परिसरात पाम मरतात ते क्वचितच गोठून. आठवडेच्या आठवडे थंड रात्री सोसल्यामुळे ती दुबळी होतात आणि नंतर एप्रिल-मेच्या कोरड्या उष्णतेपुढे टिकत नाहीत.

यामुळेच परदेशी बागकामाच्या पुस्तकांतील पामच्या काटकपणाच्या याद्या येथे फारशा उपयोगी पडत नाहीत. त्या याद्यांत ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी हा चीनमधील पाम अग्रस्थानी असतो. तो उणे १५ अंशांच्या आसपासची थंडी सोसतो आणि स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडील तिचिनो प्रांतातील जंगलांत आपोआप पसरला आहे. त्याच प्रजातीतील ट्रॅकिकार्पस टाकिल हा पाम भारतातच, उत्तराखंडमधील कुमाऊँच्या डोंगरांत, सुमारे २,००० मीटर व त्याहून अधिक उंचीवर, हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या उतारांवर आढळतो. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांनी १९०५ साली त्याचे वर्णन केले. चिमूरच्या हिवाळ्याचा या दोन्ही पामना काहीच त्रास होणार नाही. अडचण मे महिन्याची आहे, कारण डोंगरी थंडाव्याच्या या झाडांना ४५ अंशांवरची कोरडी हवा मानवत नाही.

जीवाश्मांचा पुरावा

मध्य भारतात पाम ही नवी गोष्ट नाही. दख्खनच्या लाव्हाथरांच्या मधल्या गाळात वनस्पतींचे जीवाश्म मोठ्या प्रमाणावर सापडतात. नागपूरजवळच्या टाकळी येथील अशा जीवाश्मांकडे स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अभ्यासकांचे लक्ष वेधले. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथील जीवाश्मांचे वर्णन बिरबल साहनी आणि रोडे यांनी १९३७ साली प्रसिद्ध केले. या थरांत पामच्या खोडांचे अश्मीभूत तुकडे विपुल आहेत. त्यांना पाल्मोक्सिलॉन असे प्रजातिनाम दिले जाते. खाडीकाठच्या दलदलीत वाढणाऱ्या निपा पामची फळेही तेथे मिळाली आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश आजच्यापेक्षा दमट व किनाऱ्याला जवळचा असावा, असे त्यावरून मानले जाते. आजच्या कोरड्या, थंड-उष्ण हवामानात त्या संपन्न पामवनांपैकी मोजकेच वंश टिकले.

स्थानिक पाम

शिंदी, शास्त्रीय नाव फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस, हा या भागातील सर्वांत परिचित पाम होय. नाल्यांच्या काठाने, पडीक जमिनीत आणि बांधांवर तो आपोआप उगवतो. छत्तीसगडमध्ये त्याला छिंद म्हणतात व त्याच्या पानांपासून वधूवरांचे मौर बनवतात. पानांच्या झाडण्या व चटया होतात. उन्हाळ्याच्या अखेरीस पिकणारी केशरी-पिवळी फळे गराने कमी व बीने मोठी असली तरी माणसे, अस्वले, उदमांजरे आणि पक्षी ती खातात.

शिंदीचा रस काढण्याचा हंगाम हिवाळा हा आहे. नारळाला बाधक ठरणारी थंडी येथे उपकारक ठरते. रात्र जितकी थंड व आकाश जितके निरभ्र, तितका रस स्वच्छ व गोड उतरतो आणि सकाळपर्यंत कमी आंबतो. दिवस तापू लागले की तोच रस काही तासांत फेसाळतो. बंगालमधील खजुरी गूळ याच झाडाचा असून त्याचा हंगामही थंडीशी बांधलेला आहे. रस काढण्याची रीत मात्र झाडावर कायमची खूण ठेवते. ताड, भेरली माड व नारळ यांचा रस फुलोऱ्याच्या दांड्यातून घेतात. शिंदीच्या बाबतीत पानांचा खालचा घेर उतरवून खोडाचा वरचा कोवळा भाग तासला जातो व तेथे खाच पाडून मडके बांधतात. एका वर्षी एका बाजूस, पुढील वर्षी विरुद्ध बाजूस, अशी आळीपाळी केल्याने जुन्या शिंदीचे खोड नागमोडी दिसते. खाचा मोजून झाडाने किती हंगाम दिले याचा अंदाज घेता येतो. ही खाच कोंबाच्या अगदी जवळ पडत असल्याने ती खोल गेली, किंवा झाडाला विश्रांतीचे दिवस न देता रोज तासले, तर झाड दगावते. कसबी रस काढणारा म्हणजे कोंब कोठे सुरू होतो हे हातांना ठाऊक असलेला माणूस.

ताडगूळ व नीरा यांच्या उद्योगाला वर्धा येथून मोठी चालना मिळाली. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मगनवाडी येथील आपल्या कार्यात ताडगुळाच्या प्रसाराला स्थान दिले. उसाला सुपीक जमीन व भरपूर पाणी लागते. शिंदी व ताड पडीक जमिनीत वाढतात, असा त्यामागील विचार होता. पुढे या वृक्षांचा प्रश्न दारूबंदीत अडकला. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३ पासून आणि चंद्रपूरमध्ये २०१५ पासून दारूबंदी लागू झाली. चंद्रपूरची बंदी २०२१ साली उठवण्यात आली. ताजी नीरा व आंबलेली शिंदी यांच्यात फरक केवळ काही तासांचा व तापमानाचा असतो. नीरा टिकवण्यासाठी मडक्याला आतून चुना लावतात, त्यामुळे आंबण्याची क्रिया लांबते.

ताड, शास्त्रीय नाव बोरासस फ्लॅबेलिफर, गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यात प्राणहिता व गोदावरीच्या काठी ठळकपणे दिसतो. नदीपलीकडील तेलंगणात त्याचे मोठे समूह आहेत आणि सिरोंचा भागातील तेलुगू भाषक समाजाच्या जीवनात ताडी, ताडगोळे व ताडाच्या बीचे कंद यांना स्थान आहे. ताडात नर व मादी झाडे वेगळी असतात आणि फुलोरा येण्यास एक तप किंवा त्याहून अधिक काळ लागतो, त्यामुळे लावलेले झाड नर की मादी हे तोवर कळत नाही. त्याचा रसाचा हंगाम शिंदीनंतर, हिवाळा सरताना सुरू होऊन उन्हाळ्यात चालतो. ताडाच्या उगवणीची तऱ्हा थंडी व वणवा या दोहोंवर तोडगा ठरते. बी रुजताना एक लांब नळी जमिनीत खोल जाते आणि रोपाचा कोंब त्या नळीच्या टोकाशी, मातीखाली तयार होतो. पहिली काही वर्षे वर केवळ पाने दिसतात. कोंब मातीच्या ऊबेत सुरक्षित असतो. शिंदीची उगवणही याच जातीची, पण कमी खोल आहे. नारळाचा कोंब मात्र फळातूनच थेट वर येतो. पहिल्या हिवाळ्यात नारळाचे रोप दगावते व शेजारी आपोआप उगवलेली शिंदी हिरवी राहते, त्याचे एक कारण हे आहे. खोल जाणाऱ्या या नळीमुळे ताडाचे रोप उपटून दुसरीकडे लावणे सहसा साधत नाही. बी जागेवरच पेरावे लागते.

भेरली माड, शास्त्रीय नाव कॅरिओटा युरेन्स, गडचिरोलीच्या पूर्वेकडील दमट, डोंगराळ जंगलात आढळतो. माडिया गोंड त्याला गोरगा म्हणतात. बस्तरमध्ये तो सल्फी या नावाने ओळखला जातो. माशाच्या शेपटीसारख्या पर्णिकांमुळे तो लगेच ओळखू येतो. हे झाड वरून खाली क्रमाने फुलोरे देते आणि शेवटचा फुलोरा संपल्यावर मरते. रस देणारे झाड कुटुंबाची मालमत्ता मानले जाते व त्याची मालकी वारसाने पुढे जाते. चिमूरकडील उघड्या, कोरड्या जमिनीत भेरली माड शोभेसाठी लावला जातो, परंतु सावली व ओल मिळाल्याखेरीज त्याची पाने उन्हाळ्यात फाटतात व करपतात.

नारळ

पूर्व विदर्भात परसबागेला अनेक गावांत सांदवाडी म्हणतात. विहिरीचे किंवा मोरीचे पाणी मिळणाऱ्या सांदवाडीत एखाद-दुसरा माड असणे आता नवलाचे राहिलेले नाही. असे माड जगतात, उंच होतात आणि थोडी फळेही देतात. त्यावरून नारळाचे शेत यशस्वी होईल असा निष्कर्ष काढला जातो; तो बहुधा चुकीचा ठरतो. घराची भिंत रात्री उष्णता परत देते, शेजारची झाडे वारा अडवतात, सांडपाणी बारमाही असते. उघड्या शेतात यांपैकी काहीच नसते.

नारळाला वार्षिक सरासरी २७ अंशांच्या आसपासचे तापमान, दिवस-रात्रीच्या तापमानात ५ ते ७ अंशांचाच फरक, आणि दमट हवा मानवते. चिमूरमध्ये हिवाळ्यातील दिवस-रात्रीचा फरक याच्या दुपटीहून अधिक असतो. रात्री १५ अंशांखाली राहू लागल्या की माडाची वाढ जवळपास थांबते. आसाम व उत्तर बंगालमध्येही हिवाळ्यातील थंडीने वांझ फळांचे प्रमाण वाढते. तेथे निदान उन्हाळा दमट असतो. विदर्भात थंडीपाठोपाठ कोरडी झळ येते.

नुकसान उशिरा दिसते, ही खरी अडचण. माडाच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक फुलोरा असतो आणि त्या फुलोऱ्याचा अंकुर तो उमलण्यापूर्वी सुमारे ३२ महिने कोंबात तयार झालेला असतो. उमलल्यानंतर फळ पक्व होण्यास आणखी ११ ते १२ महिने लागतात. म्हणजे एका फळाच्या जडणघडणीत तीन ते चार हिवाळे येतात. डिसेंबरात बसलेला फटका पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या वर्षी गळालेल्या बोंड्यांच्या, किंवा आत खोबरे नसलेल्या नारळांच्या रूपाने समोर येतो, तेव्हा त्याचा दोष खताला किंवा रोपवाटिकेला दिला जातो. लागवडीपासून फळापर्यंत ५ ते ७ वर्षे गेलेली असतात. त्या काळात धानाची किंवा हरभऱ्याची गमावलेली पिके हिशेबात धरली, तर सलग नारळबाग ही या भागातील छोट्या शेतकऱ्यासाठी मोठी जोखीम आहे.

कोकणात नारळाच्या संशोधनाची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र असून ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत चालते. राष्ट्रीय पातळीवर केरळमधील कासारगोड येथील केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्था काम करते. तेथील शिफारशी किनारी हवामानासाठी आहेत. एक मीटर लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा आणि दोन झाडांत ७.५ मीटर अंतर ही मोजमापे विदर्भातही लागू पडतात, लागवडीचा काळ आणि निगा मात्र बदलावी लागते. खड्ड्यात मीठ घालण्याची प्रथा कोकणाबाहेरही पसरली आहे. नारळाला क्लोराइडची गरज असते, त्यामुळे समुद्रापासून दूरच्या हलक्या जमिनीत ती निरर्थक नाही. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत मात्र मिठाने माती बिघडते.

चिमूरच्या बालाजी मंदिराची घोडायात्रा माघ महिन्यात, थंडी ओसरू लागताना भरते. तेथे वाहिल्या जाणाऱ्या नारळांसाठी हा प्रदेश बाहेरच्या राज्यांवर अवलंबून आहे.

खजूर व तेलपाम

खजूर, शास्त्रीय नाव फिनिक्स डॅक्टिलिफेरा, हा शिंदीचा जवळचा नातलग. तो शून्याखाली काही अंशांपर्यंतची थंडी आणि ५० अंशांजवळची उष्णता दोन्ही सोसतो, म्हणून विदर्भासाठी योग्य असल्याचे वरवर वाटते. झाड येथे वाढतेही. त्याचे फळ पिकण्याच्या काळात मात्र हवा कोरडी लागते आणि पूर्व विदर्भात जूनच्या मध्यापासून मोसमी पाऊस सुरू होतो. भिजलेली फळे फुटतात, आंबतात, बुरशीने सडतात. कच्छमध्ये याच कारणाने फळ पूर्ण पिकण्याआधी, कडक व रंगीत अवस्थेत काढून खारीक म्हणून विकतात; तेथे पाऊसही चंद्रपूरच्या तुलनेत कितीतरी कमी पडतो. थंडीवर मात करणारे झाड पावसाने हरते, असे हे उदाहरण आहे. बीपासून वाढवलेल्या खजुरात निम्मी झाडे नर निघतात, त्यामुळे फळांसाठी फुटव्यांपासून किंवा ऊतिसंवर्धनातून तयार केलेली मादी रोपेच वापरतात.

तेलपाम मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. केंद्र शासनाने २०२१ साली खाद्यतेल-तेलपाम राष्ट्रीय अभियान सुरू केल्यानंतर शेजारच्या तेलंगणात त्याची लागवड वेगाने वाढली व तिची चर्चा सीमावर्ती गडचिरोलीतही होऊ लागली. आंध्र प्रदेशातील पेदवेगी येथे भारतीय तेलपाम संशोधन संस्था आहे. या झाडाला किमान तापमान २२ ते २४ अंश मानवते, १५ अंशांच्या आसपास वाढ खुंटते, आणि उन्हाळाभर रोजचे भरपूर पाणी लागते. गोदावरीच्या काठाने दक्षिणेकडे हिवाळा सौम्य होत जातो, उत्तरेकडे चिमूर-ब्रह्मपुरीकडे तो कडक होतो; तेव्हा तेलंगणातील अनुभव जसाच्या तसा चिमूरला लागू करता येत नाही.

शोभेचे परदेशी पाम

शासकीय विश्रामगृहे, महाविद्यालये, पेट्रोलपंप आणि नव्या वसाहतींच्या प्रवेशद्वारांशी दिसणारे उंच, गुळगुळीत, राखाडी खोडाचे पाम बहुधा क्यूबाकडील रॉयल पाम असतात. मराठीत त्यांना सर्रास बॉटल पाम म्हणतात. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या लहानशा राउंड आयलंड बेटावरचा, ठेंगणा व बुडाशी फुगलेला असतो आणि थंडीला फार नाजूक आहे. नावाच्या या गोंधळामुळे रोपवाटिकेतून एक मागावा आणि दुसराच मिळावा, असे घडते. रॉयल पाम चिमूरच्या हिवाळ्यात तग धरतो. पाणी तुटल्यास उन्हाळ्यात त्याचे खोड बारीक होते व नंतर पाणी दिल्यावर पुन्हा जाड होते. हा चढ-उतार खोडावर कायम राहतो.

मादागास्करचा अरेका पाम कुंड्यांमध्ये सर्वाधिक विकला जातो. त्याला हिवाळ्यात उघड्यावरची पहाट व उन्हाळ्यात थेट ऊन, दोन्ही सोसत नाहीत. पूर्वेकडील व्हरांडा ही त्याची योग्य जागा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडचा फॉक्सटेल पाम शास्त्राला १९८० च्या दशकापर्यंत अपरिचित होता, आज तो भारतभर रोपवाटिकांत मिळतो. या हवामानात खऱ्या अर्थाने रमणारे परदेशी पाम म्हणजे कॅलिफोर्निया-मेक्सिकोच्या वाळवंटी भागातील वॉशिंग्टोनिया आणि मादागास्करचा रुपेरी पानांचा बिस्मार्किया. दोघांनाही कोरडी उष्णता चालते व चिमूरची थंडी त्यांच्या मर्यादेच्या आत आहे. पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या काळ्या जमिनीत मात्र ते उंचवट्यावरच लावावे लागतात.

सायकस आणि ट्रॅव्हलर्स पाम हे पाम नव्हेत. सायकस ही बीजधारी पण फुले न येणारी, सूचिपर्णी वृक्षांना जवळची प्राचीन वनस्पती आहे. ट्रॅव्हलर्स पाम केळीच्या नात्यातील आहे. थंडीला दोहोंचा प्रतिसादही वेगळा. जपानकडील सायकस येथील हिवाळा सहज काढतो, तर ट्रॅव्हलर्स पामची पाने कोरड्या वाऱ्याने चिंध्या होतात.

बाहेरून आलेल्या सर्वच वनस्पतींना विदर्भाची थंडी मारक ठरते असे नाही. नागपुरी संत्र्याचे झाड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसल्यांच्या काळात येथे आणले गेले, असे मानले जाते. त्याच्या आंबिया बहाराला डिसेंबर-जानेवारीतील थंडीचा ताण आवश्यक असतो. हिवाळा पुरेसा थंड पडला नाही तर फूल कमी येते.

लागवड व हिवाळ्यातील निगा

पाम सामान्यतः पावसाळ्याच्या सुरुवातीला लावतात. चिमूर भागात जून-जुलैत लावलेल्या रोपाला हिवाळ्यापूर्वी मुळे धरण्यासाठी चार-पाच महिने मिळतात. सप्टेंबरनंतर लावलेल्या नारळ किंवा सुपारीच्या रोपाला तेवढी उसंत मिळत नाही. पावसाळा संपल्यावर नत्रखत देणे टाळतात, कारण त्याने येणारी कोवळी पालवी थंडीत प्रथम करपते. पालाशयुक्त खताने पेशी काटक होण्यास मदत होते.

लहान रोपांभोवती धानाच्या तणसाचे आच्छादन घालतात. रात्र फार थंड होण्याची चिन्हे असतील तर संध्याकाळी पाणी देतात, कारण ओली माती दिवसाची उष्णता अधिक साठवते व रात्री हळूहळू सोडते. तणस कोरडे व खोडापासून थोडे दूर ठेवणे गरजेचे आहे; ओलसर तणस बुंध्याला लागून राहिले तर उधई लागते. मोठ्या पानांची सैल जुडी बांधून कोंब झाकण्याची रीत थंड देशांतून आली आहे. येथे ती थंडीच्या लाटेच्या काही रात्रींपुरतीच वापरावी लागते, दिवसा जुडी बांधलेली राहिल्यास आत ऊब व ओल कोंडून कोंब कुजतो. शेकोटीचा धूर उष्णता निघून जाण्यास थोडा अडथळा करतो, पण वाऱ्याच्या रात्री त्याचा उपयोग नाही.

करपलेली पाने लगेच कापण्याचा मोह टाळावा लागतो. अर्धवट हिरवे पान अजून अन्न तयार करत असते आणि वाळलेले पान कोंबाला झाकते. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, रात्री ऊबदार झाल्यावर काढतात. कोंब जिवंत आहे की नाही याची साधी परीक्षा म्हणजे मधले न उमललेले पान हलकेच ओढून पाहणे. ते सहज हातात आले व बुडाशी दुर्गंधी असली तर कोंब कुजलेला असतो. त्यानंतर खरी कसोटी सुरू होते. थंडीने मुळे मंदावलेले झाड मार्चच्या वाढत्या उन्हात पाण्याची मागणी भागवू शकत नाही, म्हणून लहान रोपांना पहिली दोन-तीन वर्षे नैर्ऋत्येकडून सावली करतात. त्यासाठी शेवगा किंवा पपई लावण्याची पद्धत स्वस्त व सोयीची आहे.

कीड व रोग

गेंड्या भुंगा कोंबातील न उमललेले पान कुरतडतो. पान उघडल्यावर त्यावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. त्याच्या अळ्या शेणखताच्या उकिरड्यात वाढतात, म्हणून उकिरडा झाडापासून दूर ठेवणे हा पहिला उपाय. लाल सोंड्या भुंगा जखमांच्या वासाने येतो व खोड आतून पोखरतो. शिंदीच्या ताज्या खाचा आणि कापलेल्या हिरव्या पानांची बुडे या दोन्ही त्याच्या प्रवेशाच्या वाटा होत. कोंबकुज हा पावसाळ्यातील बुरशीजन्य रोग असून थंडीने इजा झालेल्या झाडांत इतर सूक्ष्मजीवांमुळेही कोंब कुजतो. प्रतिबंधासाठी कोंबाभोवती बोर्डो मिश्रणाची फवारणी करतात.

वन व वन्यजीवांशी संबंध

शिंदीची दाट बेटे ओढ्यांच्या काठची माती धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात रानडुक्कर, हरणे व वाघ यांना सावली व आडोसा देतात. ताड व शिंदीच्या पानांना सुगरणीची घरटी लटकतात. ताडाच्या पानांच्या घड्यांत ताड पाकोळी राहते. चिमूर तालुक्यात गाव, शेत आणि वाघाचा वावर एकमेकांना लागून आहेत. त्यामुळे शेताजवळच्या शिंदीच्या बेटाकडे शेतकरी धोक्याची जागा म्हणूनही पाहतात, आणि नाला रुंदीकरणात किंवा शेत साफ करताना ती तोडली जातात. बेट पूर्ण काढण्याऐवजी खालची पाने छाटून बुंधे मोकळे केल्यास आतले दिसते व झाडेही राहतात.

घाणेरीसारख्या शोभेसाठी आणलेल्या झुडपाने मध्य भारतातील जंगलांत किती जागा व्यापली हे सर्वज्ञात आहे. पामही यास अपवाद नाहीत. चिनी पंखा पाम अमेरिकेतील फ्लोरिडात आणि ट्रॅकिकार्पस स्वित्झर्लंडमध्ये बागांतून रानात पसरले आहेत. फळे खाणारी उदमांजरे व वटवाघळे बिया दूरवर नेतात. व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेलगतच्या पर्यटन निवासांच्या बागांत परदेशी पाम लावले जातात. तेथे रसासाठी किंवा सावलीसाठी शिंदी लावली तर तिला पाणी कमी लागते, थंडीपासून जपावे लागत नाही, आणि तिच्या बिया जंगलात गेल्या तरी त्या मूळच्या ठिकाणीच पोहोचतात.